पेले आधी

रात्री साडेदहाच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातून आधी कुणी खाकरल्यासारखा आवाज येतो. मग पाणी भरल्याचा. मग दहा-पंधरा सेकंद काहीच नाही. पंप फिरणार की नुसता गुरगुरणार हे तेवढ्या वेळात ठरतं, म्हणून मी हॉलमध्ये हातातलं वर्तमानपत्र खाली करून, कान देऊन बसलेला असतो. मग पत्र्यावर पाऊस धरावा तसा आवाज लागतो आणि मी पुन्हा बातमीकडे वळतो. बायको म्हणते, "अहो, लेबर रूमबाहेर बसल्यासारखे काय बसता रोज!"

डिशवॉशर घेतला २००९ साली. बायको तेव्हा केंद्रीय विद्यालयात शिकवायची. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हातात आली आणि तिने ती कुणालाही न विचारता या एका वस्तूवर घातली. घरात आम्ही दोघं, माझे आई-वडील, दोन मुली, आणि इंदूर मध्यावर पडत असल्यामुळे उज्जैनला किंवा ओंकारेश्वरला निघालेले पाहुणे बारमास. शेजारच्या काकू मशीन बघायला आल्या आणि "मायक्रोवेव्ह केवढा मोठा घेतला गं!" म्हणून गेल्या.

इथे एक कबुली देऊन टाकतो. इंदुरात राहून आमच्या मराठीतलं नपुंसकलिंग झिजत चाललंय. हिंदीत 'मशीन चलती है', म्हणून आमच्याकडेही ती मशीन. पुण्याची वहिनी हसते. हसू दे. सोळा वर्षं घरात राहिलेल्या वस्तूला 'ते' म्हणायला जीभ वळत नाही.

सुरुवातीचे दोन महिने ती चाललीच नाही. आमचं स्वयंपाकघर तेव्हा वरच्या मजल्यावर, आणि गच्चीवरची टाकी नळापासून जेमतेम अडीच मीटर वर. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो, म्हणजे आमच्या नळाला पाव बार. मशीनच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार लिहिलेला. ती बिचारी पाण्याची वाट बघायची, थकायची आणि नळाचं चित्र लुकलुकवत बसायची. दुरुस्तीचा माणूस दोनदा आला आणि "पानी नहीं आ रहा है, अंकल" एवढं सांगून गेला. तेवढं मशीन फुकट सांगत होतीच. शेवटी तिला खाली आणलं, आईच्या स्वयंपाकघरात.

आईने दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, "पाणी किती घेते ही?"

मी पुस्तिका उघडून ऐटीत सांगितलं, "सगळं मिळून चौदा लिटर."

"एवढ्या ताटांना चौदा लिटर? मग तेच पाणी फिरवून फिरवून घालते की काय?"

"हो. पंपाने."

"म्हणजे खरकट्या पाण्याने खरकटी भांडी धुते."

पुढे मी या विषयावर बरंच वाचलं, पण डिशवॉशर कसा चालतो हे इतक्या कमी शब्दांत सांगणारं वाक्य मला सापडलेलं नाही. तळाच्या खळग्यात तीन-चार लिटर पाणी जमतं. पंप ते खालच्या-वरच्या दोन पात्यांमधून फेकतो. पात्यांना वेगळी मोटर नसते, छिद्रांतून तिरकं सुटणारं पाणीच त्यांना उलट ढकलून फिरवतं. भांड्यांवरून ओघळलेलं पाणी जाळीतून गाळून पुन्हा त्याच पंपात. तेच, तेच, तेच. मात्र एक टप्पा संपला की ते सगळं मोरीत जातं आणि पुढच्या टप्प्याला नवीन पाणी येतं: आधी गार खळबळणं, मग साबणाचं गरम, मग साधं, मग शेवटचं कढत. हे मी आईला समजावलं. तिचा काही माझ्यावर विश्वास बसला नाही. त्या रात्री ती मोरीपाशी पाटावर बसली आणि नळीतून पाणी कितीदा सुटतं ते मोजलं. चारदा. पहिल्या वेळचं पिवळट, शेवेच्या तेलाचा तवंग असलेलं. चौथ्या वेळचं तिने वाटीत धरलं, ट्यूबलाइटखाली नेलं, वास घेतला आणि ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी तह झाला: देवाची आणि स्वयंपाकाची भांडी हाताने, आमची ताटं-वाट्या-पेले मशीनमध्ये.

भांडीवाल्या बाईंचा प्रश्न सरळ होता. "अब मेरा क्या, भाभी?" त्यांना काढलं नाही, आणि यात आमचा काही मोठेपणा नव्हता. निम्मं काम मशीन घेतच नव्हती. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मी एकदा घालून पाहिला. डिशवॉशरची पावडर तिखट क्षाराची असते. कुकर बाहेर आला तो अमावस्येसारखा काळा, आणि बोट फिरवलं की तो काळेपणा बोटाला. लोखंडी तवा घातला तर वर्षानुवर्षं मुरलेला तेलाचा थर निघून सकाळी त्याला गंज. कल्हईची पातेली घालायची माझी हिंमत झाली नाही. लाकडी पोळपाट वडिलांनी परस्पर घातला, त्याला उभी चीर गेली. तेव्हा बाई राहिल्या. पगार कमी करण्याचा विषय मी एकदा काढला होता. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी तोवर या सगळ्यात प्रेक्षक होतो. वडिलांचं वळण असं की जेवून झालं की ताटातच हात धुवायचे आणि उठायचं. ताट पुढे कुठे जातं हा प्रश्न पडायचा नाही. विमा कंपनीत फायली सांभाळत माझी नोकरी गेली. घरात माझ्या नावावर बल्ब बदलणं आणि फ्यूज बांधणं एवढी दोनच खाती होती.

२०१४च्या पावसाळ्यात एका सकाळी मशीन आपोआप गुरगुरू लागली. दार उघडं, बटण बंद, तरी पाणी बाहेर टाकायचा पंप चालूच. प्लग काढला तेव्हा थांबला, लावला की पुन्हा सुरू. बोलावलेल्या मिस्त्रीने बॅटरी मारून खाली पाहिलं. "अंकल, बॉडी में पानी भर गया है. पुरानी हो गई, नई ले लो." भेटीचे पैसे घेऊन तो गेला. पाच वर्षांची मशीन पुरानी, हे माझ्या कारकुनी मनाला पटेना. पाच वर्षांत तर आमच्याकडे फाईल बंदही होत नसे.

संध्याकाळी प्लग काढून, नळ बंद करून मी तिला ओट्याखालून बाहेर ओढली, बाजूचा पत्रा खोलला आणि जमिनीवर आडवा झालो. खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे होता. त्यात बोटभर पाणी, आणि पाण्यावर तरंगत होता थर्माकोलचा एक तुकडा, साबणाच्या वडीएवढा. त्याच्यावर एक पातळ पट्टी, पट्टीच्या टोकाला डाळीच्या दाण्याएवढं बटण. ट्रेमध्ये पाणी साचलं की थर्माकोल वर उचलला जातो, बटण दाबलं जातं, आणि घरात पूर येतोय असं समजून मशीन बाकी सगळं सोडून पाणी उपसत बसते. एवढंच. तीस हजारांच्या यंत्राला वेठीला धरणारा थर्माकोल! मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. मग पाणी आलं कुठून ते शोधलं. मागची सांडपाण्याची नळी जिथे भिंतीला टेकते तिथे दातांच्या बारीक खुणा होत्या, दोन-दोनच्या जोडीने. उंदीर. हार्डवेअरच्या दुकानातून नळी आणि दोन क्लिपा आणल्या, एकशे ऐंशी रुपये. ट्रेमधलं पाणी जुन्या बनियनने टिपून काढलं. थर्माकोल खाली बसला, बटण सुटलं, प्लग लावला. शांत.

त्या आठवड्यात माझं जे कौतुक झालं ते मुलींच्या लग्नातही झालं नाही. मेहुणे येऊन पाहून गेले. समोरचे गुप्ताजी "भिया, कमाल कर दी" म्हणाले. मी प्रत्येकाला थर्माकोल दाखवत होतो. आई कोपऱ्यात पोळ्यांची कणीक मळत बसली होती. पाहुणे गेल्यावर, मान वर न करता म्हणाली, "चाळीस वर्षं मी भांडी घासली, कुणी बघायला आलं नाही. तू एक नळी बदललीस तर चहाला चार माणसं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

पण अडकलो ते तिथून. ज्याने मशीन खोलली तो तिचा मालक, असा घरात अलिखित ठराव झाला. मग कुणी वाटी अशी लावली की पातं अडतंय, हे मला खटकू लागलं, म्हणून मीच भांडी लावू लागलो. लावायची तर आधी खरकटं निपटावं लागतं, तेही मीच. मीठ संपलं, पावडर संपली, जाळी तुंबली, माझ्याकडे. वर्षभरात रात्रीची सगळी भांडी माझ्या अंगावर आली आणि मला वाटत होतं मी मशीनची देखभाल करतोय. बायकोने थकबाकीतून नक्की काय विकत घेतलं होतं ते मला फार उशिरा कळलं. विचारलं तर ती नुसती हसते.

जुन्या मशीनचं निम्मं आयुष्य पाण्यावर ठरतं, आणि इंदुरात पाणी हा साधा विषय नाही. नर्मदेचं पाणी इथे १९७८ साली आलं, जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावलीच्या तलावाचं पाणी असे. नळाला पहिल्यांदा नर्मदा आली तेव्हा आईने हळद-कुंकू वाहिलं होतं, हे मला आठवतं. "ज्या पाण्याची लोक परिक्रमा करतात ते तू खरकट्यावर ओततोस," हे ती आजही अधूनमधून सुनावते. आमच्या भागात नर्मदा एक दिवसाआड येते. हौदात ती कमी पडली की बोरिंग चालू करतो. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या खडकातून झिरपत आलेलं, त्यामुळे जड. गच्चीवरच्या टाकीत दोन्ही एक होतात, आणि कुठल्या दिवशी किती कुठलं हे कुणालाच माहीत नसतं. मशीनला मात्र माहीत असावं लागतं.

जड पाणी म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त. तापवलं की त्यातला चुना सुटून हीटरवर, पात्यांच्या छिद्रांत, काचेच्या पेल्यांवर बसतो. त्यासाठी मशीनच्या तळाशी रेझिनच्या बारीक मण्यांची एक कुपी असते. मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना धुवायचं, की पुन्हा तयार. म्हणून डिशवॉशरला मीठ लागतं, भांडी घासायला नव्हे. हे न कळल्यामुळे लोक मीठ घालतच नाहीत आणि वर्षभरात "काचेची चमक गेली" म्हणून मशीनला बोल लावतात.

पाणी किती जड आहे हे पुस्तिकेप्रमाणे मशीनला सांगून ठेवायचं असतं. आरओ लावायला आलेल्या मुलाने त्याचं टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगितला. तो आकडा घालून मी सहा महिने फसलो. ते मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच मोजतं, जडपणा वेगळा मोजावा लागतो. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात थेंब टाकून रंग बघायची बाटली मिळते, ती आणली. आमचं बोरिंग लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास भरलं, नुसती नर्मदा त्याच्या निम्म्याहून कमी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक २०० पर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. एप्रिलपासून पावसाळा लागेपर्यंत बोरिंगचं आणि टँकरचं राज्य, तेव्हा मी मशीनचा आकडा दोन पायऱ्या वर चढवतो आणि जुलैत उतरवतो. आई पंचांगात एकादशी बघते, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे लिहितो.

मिठाचे प्रयोगही करून झाले. घरातलं बारीक आयोडिनचं मीठ घालू नये, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात, ते तिथे गाळ करतात. हे मला घातल्यावर कळलं. एकदा मशीनमधल्या मिठाच्या डब्याचं झाकण तिरकं बसलं. नुसतं आट्यावर चढलं होतं, शेवटची पाव फेरी राहिली होती. त्या रात्री सगळ्या स्टीलवर पांढुरकी साय. सकाळी माहेरपणाला आलेल्या आत्याने पेलाभर पाणी पिऊन तोंड वेडंवाकडं केलं, "अरे, इंदूरला समुद्र आला का?" तेव्हापासून झाकण लावल्यावर मी त्यावर अंगठा फिरवून कडा सारखी लागते का ते बघतो. मीठ आत सांडलं तर लगेच फेरी लावायची, रात्रभर राहिलं तर स्टेनलेस म्हणवणाऱ्या स्टीललाही टोचे पडतात.

चुन्यावर औषध सियागंजात मिळतं. तिथे 'सायट्रिक अ‍ॅसिड' म्हटलं तर दुकानदार वर बघतो, 'नींबू का फूल' म्हटलं की पाव किलोची पुडी बांधून देतो. दोन महिन्यांनी एकदा शंभर ग्रॅम, मशीन रिकामी ठेवून, सगळ्यात गरम फेरीला. पावडर बरोबर घालायची नाही, आम्ल आणि क्षार एकमेकांतच खपतात. मेहुण्यांनी संडास साफ करायचं अ‍ॅसिड सुचवलं होतं. मेहुण्यांचं ऐकायचं नसतं.

आता जाळीबद्दल. इंदूरकराच्या मशीनची जाळी उघडली तर आत इंदूर सापडतं. रविवारी सकाळी पोहे होतात, वर शेव, वर जिरावण हा इथला मसाला, वर कांदा-कोथिंबीर. पोह्याचा भिजून सुकलेला दाणा हा मला माहीत असलेला सगळ्यात चिवट डिंक आहे. गव्हाची पोळी सुटते, भात सुटतो, पोहा ताटाला खवल्यासारखा चिकटतो आणि सुटलाच तर अखंड सुटतो, मग जाळीच्या भोकावर नेमका चपटा बसतो. एका भोकावर एक पोहा. बाहेरची जाडी जाळी डाव्या हाताला फिरवून उचलायची, तिच्या आत बारीक जाळीचा पेला, तो काढायचा. तळाला काळपट लगदा असतो. त्यात मोहरी, कढीपत्त्याची शीर, एखादी दातकोरणी, एकदा बायकोच्या मंगळसूत्रातला हरवलेला काळा मणी. जुना दातांचा ब्रश आतून बाहेर असा फिरवायचा. उलटा फिरवला तर दाणे अडकून बसतात. पात्यांच्या छिद्रांत मोहरी अडकते. ती टाचणीने आत ढकलली तर पातं खुळखुळतं आणि पुन्हा दुसऱ्या छिद्रात येऊन बसते. पातं काढून नळाखाली उलटं धरून झटकलं तर निघते. आई शेजारी उभी राहून बघते आणि म्हणते, "मोहरी कमी घालत जाऊ का?" तिच्या आवाजात करुणा नसते.

लगदा ओल्या कचऱ्यात. आमचं शहर २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं. सकाळी गाडी वाजत आली की घरटी कुणीतरी डबा घेऊन पळतं, आमच्याकडून मी. माझा डबा बघून गाडीवरचा पोरगा एकदा म्हणाला, "बाबूजी, ये क्या है?" मी म्हटलं, पोहे.

लोकांना वाटतं भांडी आधी नळाखाली स्वच्छ धुवून मग आत ठेवायची. मग मशीन कशाला? खरकटं निपटून टाकायचं, बस. पावडरीतली एन्झाइम पिठूळ आणि प्रथिनाच्या खरकट्यावरच काम करतात, त्यांनाही काही खायला हवं. हे मी बायकोला पटवायला दोन वर्षं घालवली. आईने एका वाक्यात मान्य केलं: "उपाशी सुनेने काम कसं करायचं?"

हे यंत्र पहिल्यांदा नीट जमवलं ते अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेन नावाच्या बाईंनी. घरच्या उंची चिनी मातीच्या बशा धुताना कपचे उडत, त्यावरून सुचलं. पेटंट १८८६चं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिथल्या उपाहारगृहांतून ती यंत्रं चालली, आणि गिऱ्हाईक म्हणून आधी मिळाली ती हॉटेलंच. घराघरांत जायला पुढे कित्येक दशकं लागली. मशीन सुरू करताना मला त्यांची आठवण येते असं काही नाही. पण बशी फुटली की येते.

सगळ्यात समाधानाची दुरुस्ती २०१९ची. पाणी भरायचं, मग पंप नुसता 'हूं' करायचा, फिरायचा नाही. या वेळचा मिस्त्री मोटर बदला म्हणाला, नऊ हजार, तीही मिळाली तर. मला तो 'हूं' ओळखीचा वाटत होता. दर मार्चला कूलर माळ्यावरून काढला की पंखा असाच 'हूं' करतो, हाताने ढकलला की फिरतो. कूलरला आपण काय करतो? मोटरला फिरायचा पहिला धक्का देणारा कपॅसिटर बदलतो. प्लग काढून मोटर उघडी केली, तर तिच्या कुशीत तसंच पांढरं नळकांडं: ४ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट. प्लग काढल्यावरही त्यात वीज शिल्लक राहते, म्हणून हात लावायच्या आधी ती उतरवावी लागते. हे मला आमच्या गल्लीतल्या कूलरवाल्याने आधीच बजावलं होतं, कारण तो स्वतः एकदा उडाला होता. महाराणी रोडवर तोच आकडा साठ रुपयांत मिळाला. बसवला. पाणी भरलं. दहा-पंधरा सेकंद. मग पाऊस.

वर्तमानपत्र खाली करून ऐकायची सवय तेव्हाची.

भांडी ठेवायच्या जाळ्यांच्या दांड्यांवरचं प्लास्टिक उडून गंजाचे ठिपके पांढऱ्या ताटांवर उमटू लागले, तेव्हा मी वडिलांच्या आजारपणातल्या सलाईनच्या उरलेल्या नळीचे तुकडे चढवले. गरम पाण्याने ते पिवळे पडून घसरले. मग तारांवर चढवून गरम केली की आवळली जाते ती काळी नळी आणली आणि मेणबत्तीवर एकेक दांडी शेकत बसलो. छत्तीस दांड्या. बायको शाळेचे पेपर तपासत होती, मी दांड्या शेकत होतो, आणि रात्री अकराला दोघांनी चहा केला. ते पेलेही आत गेले.

आता खरं सांगायचं तर नव्या मशीन पाणी कमी घेतात, आवाज करत नाहीत, वरती तिसरा कप्पा असतो चमच्यांचा. पुण्याच्या मुलीकडे तशी आहे, ती फोनवर निरोप पाठवते. जुनी वस्तू जपण्यात काही पुण्य आहे असं मला वाटत नाही. हीटरची वीज बॉडीत उतरून मेनचा ब्रेकर पडू लागला, किंवा टाकीच्या तळाला गंजून भोक पडलं, तर मी हिला त्याच दिवशी भंगारवाल्याला देईन. वीज आणि पाणी एकत्र असताना जिव्हाळा कामाचा नाही. पण तोवर थर्माकोल, नळी, कपॅसिटर, मीठ इतकंच निघत असेल तर ती पुरानी कसली?

गेल्या महिन्यात पाणी टाकायचा पंप गेला. आतली चकती काचेच्या कपच्याने तुटली, ती बशी मीच फोडली होती. सुटा भाग इथे मिळेना. महाराणी रोडला तीन दुकानं केली, जेल रोडला दोन. शेवटी ऑनलाइन मागवला, आठ-दहा दिवस सांगितले. बाई गावी गेलेल्या, भाचीचं लग्न. बायकोचा खांदा आखडलेला. म्हणजे मीच.

नळ सोडला, काथ्या घेतला आणि सरळ कढईला भिडलो. मागून आईची काठी वाजली. आता ती शहाऐंशी वर्षांची आहे, ओट्यापाशी खुर्ची टाकून बसते.

"कढई का घेतलीस आधी?"

"मोठी आहे म्हणून."

"तेलकट हाताने मग पेले घासशील? पेले आधी. मग वाट्या, मग ताटं. दुधाचं पातेलं गार पाण्याने, गरम घातलंस तर साय शिजून चिकटेल. कढईत पाणी घालून ठेव, ती शेवटी."

मी कढई बाजूला ठेवली. पेले घेतले. सहा पेले घासायला मला किती वेळ लागला हे सांगत नाही. तिने एक उचलून उजेडाकडे धरला, जशी त्या वेळी ती चौथ्या पाण्याची वाटी धरली होती, आणि बुडाच्या कडेला बोट लावून माझ्याकडे परत दिला. कडेला साबण होता. दुसऱ्या दिवशी दोन पेले परत आले. तिसऱ्या दिवशी एकही नाही, पण ताट एक आलं. पाण्याचा नळ मी सारखा सोडून ठेवतो याबद्दल रोज.

चौथ्या दिवशी मी भांडी घासत असताना ती तिच्या सासरच्या, रामबागेतल्या वाड्यातल्या मोरीबद्दल बोलत होती. सोळा माणसांची ताटं, चुलीची राख, थंडीत फुटलेली बोटं. राख चाळून घ्यायची, नाहीतर खड्याने ओरखडे येतात. पितळेला चिंच, पण चिंचोके काढून, आणि लगेच धुवायचं, नाहीतर डाग. तांब्याच्या घंगाळाला आठवड्यातून एकदा. सासूबाई उजेडाकडे धरून बघायच्या. मी विचारलं, "परत द्यायच्या?"

"फेकायच्या," आई म्हणाली.

पंपाचं पार्सल मंगळवारी आलं. खोकं उघडून पाहिलं, भाग बरोबर आहे, खटका डावीकडेच आहे. बसवायला अर्धा तास पुरेल. बायकोने विचारलं, आज रात्री लावणार का. मी म्हटलं रविवारी बघू, आणि खोकं फ्रिजवर ठेवून दिलं.